चाळीस ओळींचं टेबल

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेची खोली ओलांडली की डाव्या हाताला एक दार लागतं. दारावर 'माहिती विभाग' अशी पाटी आहे. ती वाचून दिवसातून दहा जण आत डोकावतात आणि विचारतात, "डोळ्यांचे डॉक्टर कुठे बसतात हो?" आतली बाई मान वर न करता सांगते, "दुसरा मजला, जिन्यासमोर. आज येणार नाहीत, परवा या." मग दार लोटून घ्यायला सांगते, कारण आतला गारवा यंत्रांसाठी असतो, माणसांसाठी नसतो.

तिचं खरं काम लोकांना वाटा दाखवणं नव्हे. ती डेटाबेस सांभाळते. रुग्णालयाला जे जे ठाऊक आहे ते सगळं तिच्या ताब्यात असतं: कोण कधी आलं, कोणाचा रक्तगट काय, कोणाला कुठलं औषध सोसत नाही. ही माहिती टेबलांमध्ये असते, ओळींच्या खाली ओळी, लाखोंनी. वरच्या मजल्यावर कोणी बटण दाबलं की त्या ढिगातून नेमकी ओळ निघायला हवी, आणि बटण दाबणाऱ्याची पापणी लवायच्या आत निघायला हवी. ती निघाली तर या बाईचं अस्तित्व कोणाच्या ध्यानीमनी नसतं. नाही निघाली, की अख्खी इमारत तिच्या नावानं खडे फोडते. सव्वीस वर्षं ती असले खडे झेलत आली आहे.

तिचं नाव कोणी घेत नाही. सगळे तिला घड्याळबाई म्हणतात, मागेही आणि तोंडावरही. तिच्या गळ्यात ओळखपत्राच्या दोरीलाच एक जुनं स्टॉपवॉच लटकलेलं असतं. ते तिच्या नवऱ्याचं. तो शाळेत खेळाचा शिक्षक होता, आता निवृत्त आहे. कोणी फोन करून म्हणालं, "मॅडम, सिस्टिम फार स्लो आहे," की ही विचारते, "किती सेकंद?"

"खूप वेळ लागतो हो."

"खूप हा आकडा नाही. मोजा आणि मग फोन करा."

आणि फोन ठेवून देते. आता हे काही बोलायचं वळण झालं का? नाहीच. पण तिच्या दोन सवयी मात्र लाखमोलाच्या होत्या. पहिली म्हणजे तक्रार आली की ती आपल्या मशीनला हात लावायची नाही. एक लोखंडी स्टूल उचलायची, ज्याची तक्रार असेल त्याच्या शेजारी जाऊन बसायची आणि वीस वेळा घड्याळ दाबून वीस आकडे लिहायची. दुसरी म्हणजे डेटाबेसमध्ये केलेला प्रत्येक बदल, मग तो चिमूटभर का असेना, एका जाड बांधणीच्या वहीत शाईनं लिहायची. तारीख, काय केलं, का केलं. अशा नऊ वह्या तिच्या कपाटात होत्या. वरच्या मजल्यावरचे प्रोग्रामर हसायचे. हसू देत. अडलं की त्याच वह्यांपाशी यायचे.

ती साधीसुधी नव्हती, हेही सांगून टाकायला हवं. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधताना तिच्या चेहऱ्यावर जो तजेला यायचा, तो एरवी यायचा नाही. कोणाची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, तिच्यासमोर आला की ती तो प्रश्न आधी गुन्हेगार धरायची आणि मग निर्दोष सुटायची संधी द्यायची. घड्याळबाईनं म्हटलं म्हणजे तसंच असणार, असं सगळे धरून चालत. तीही धरून चालायची, आणि घोडं तिथंच अडलं.

सहा महिन्यांपूर्वी वरच्या मजल्यावर एक नवी प्रोग्रामर आली. नवी म्हणजे वयानं नव्हे. बेचाळिशीची बाई. दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेली सासू यांच्यापायी आठ वर्षं घरी बसलेली, सासू गेल्यावर पुन्हा कामाला लागलेली. वरच्या पोरांनी तिचं नाव 'पुनरागमन' ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं. ती एकदा म्हणाली, "बरंय, निदान आगमन तरी म्हणताय." सहा महिने तिला परीक्षेवर घेतलं होतं. काम पसंत पडलं तर कायम करायचं, नाही तर नमस्कार.

तिला पहिलं मोठं काम मिळालं ते टोकनच्या टेबलाचं. बाहेरून येणारा रुग्ण आधी नोंदणीच्या काउंटरवर टोकन घेतो. दिवसाला तीनेक हजार टोकनं निघतात. आजवर रोज रात्री ती दुसरीकडे हलवून टेबल रिकामं करत. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की समोरचा माणूस गेल्या तीन महिन्यांत किती वेळा आला, हे त्याच स्क्रीनवर दिसायला हवं. म्हणून प्रोग्रामरनं टेबल रोज रिकामं करणं थांबवलं. नव्वद दिवसांची टोकनं तिथंच राहू द्यायची. ती घड्याळबाईकडे येऊन विचारूनही गेली होती.

"मॅडम, टेबल आता बरंच मोठं होणार. मी इंडेक्स टाकलाय. एकदा नजर टाकाल का?"

इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची. कुठलं नाव कुठल्या पानावर, ते सांगणारी. ती असली की अख्खं पुस्तक चाळावं लागत नाही. घड्याळबाईनं नजर टाकली. इंडेक्स होता, नीट होता. "ठीक आहे," म्हणाली.

पहिला आठवडा बरा गेला. तिसऱ्या आठवड्यात काउंटरवरच्या बायका कुरकुरू लागल्या. सहाव्या आठवड्यात स्क्रीन उघडायला चाळीस सेकंद लागू लागले आणि रांग दाराबाहेर, पार रुग्णवाहिका उभ्या राहतात तिथवर गेली. रुग्णालयाच्या प्रमुखांनी माहिती विभागाच्या साहेबांना बोलावून झापलं. साहेब खाली आले. गोड बोलणारे, भांडणाला घाबरणारे गृहस्थ.

"मॅडम, मला दोन ओळी लेखी द्या. हे कशामुळे झालं?"

तो सोमवार होता. त्याच दुपारी घड्याळबाईच्या नवऱ्याच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि तिला बाराच्या आत निघायचं होतं. स्टूल भिंतीशी होतं, तिथंच राहिलं. तिनं मशीनवरचा वेळेचा आलेख उघडला. ज्या दिवशी प्रोग्रामरची नवी आवृत्ती आली, त्या दिवसापासून रेघ वर चढत होती. आणखी काय बघायचं? तिनं लिहून दिलं: 'नव्या आवृत्तीत टेबलाचा आकार वाढला. सदर क्वेरी त्या आकाराला साजेशी लिहिलेली नाही.' खाली सही केली आणि पर्स उचलून निघाली.

शुक्रवारी चार वाजता साहेबांच्या खोलीत प्रोग्रामरला ठेवायचं की नाही ते ठरणार होतं. त्या फाइलमध्ये हा कागद सगळ्यात वर लागला.

बुधवारी सकाळी प्रोग्रामर खाली आली. डोळ्यांखाली काळं, हातात छापील कागदांची चळत.

"मॅडम, माझ्या क्वेरीत नक्की काय चुकलंय, सांगाल?"

"वाचून बघ."

"वाचली. तीन दिवस तेच करतेय. मग दुसऱ्या एका मशीनवर नव्वद दिवसांच्या खोट्या ओळी भरल्या आणि चालवून बघितली. पाव सेकंद लागतो."

"ते मशीन आणि हे मशीन एक नाही."

"तेच तर मी म्हणतेय. क्वेरी दोन्हीकडे तीच आहे. मग फरक मशीनमध्ये असेल, माझ्यात कसा?"

बिनतोड होतं. आणि बिनतोड बोलणं ऐकून घ्यायची घड्याळबाईला सवय नव्हती.

"अगं, मला शिकवतेस का? सव्वीस वर्षं झाली मला."

"शिकवत नाहीये. विचारतेय. शुक्रवारी काय आहे, तुम्हाला ठाऊक आहे."

"ते साहेब ठरवतात."

"साहेब तुमच्या दोन ओळींवरून ठरवतात." प्रोग्रामरनं चळत टेबलावर ठेवली. "हे ठेवून जाते. बघावंसं वाटलं तर बघा."

ती गेली. घड्याळबाईनं चळत बाजूला सरकवली. तेवढ्यात कोणीतरी डोकावून डोळ्यांचे डॉक्टर विचारले, तर त्याच्यावर डाफरली.

संध्याकाळी घरी नवरा काळा चष्मा लावून खुर्चीत बसला होता. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली होती. ती बाटली हलवत होती, नुसतीच हलवत होती.

"अगं, औषध आहे ते. ताक नव्हे घुसळायला. झालंय काय?"

"काही नाही. मान मागे करा."

"काही नाही तर नाकाचा शेंडा लाल का?"

तिनं सांगितलं. प्रोग्रामर किती आगाऊपणानं बोलली, इथपासून सुरुवात केली. नवरा थेंब घेऊन डोळा मिटून ऐकत राहिला. सगळं संपल्यावर एवढंच म्हणाला, "स्टूलवर जाऊन बसली होतीस?"

ती बाटलीचं झाकण शोधू लागली.

"बसली नव्हतीस."

"अहो, सोमवारी तुमचा डोळा होता ना!"

"हे बघ, माझ्या डोळ्यावर ढकलू नकोस. त्यानं मला आता लख्ख दिसतंय. तुझं तोंडसुद्धा."

तिनं बाटलीचं झाकण गरजेपेक्षा जोरात लावलं. पण रात्री झोपताना घड्याळ उशाशी न ठेवता पर्समध्ये टाकलं, म्हणजे सकाळी विसरायला नको.

गुरुवारी साडेआठला ती स्टूल घेऊन नोंदणीच्या काउंटरवर हजर. तिथली मुख्य कारकून जिभेची तिखट. एका हातानं टोकन देते, दुसऱ्यानं फोन घेते आणि तिसरा असता तर रांगेतल्या माणसाला सरळ उभं केलं असतं.

"आलात का? तीन आठवडे वाट बघतेय. मला वाटलं घड्याळबाईंची चावी संपली."

"बोलू नकोस, काम कर. मी मोजते."

पहिला आकडा एकेचाळीस. दुसरा चाळीस. तिसरा एकेचाळीस. समोर एक म्हातारे गृहस्थ हातात कागद धरून उभे होते. प्रत्येक वेळी स्क्रीन थांबली की कारकून त्यांच्याकडे बघून म्हणायची, "आजोबा, येतंय हं, येतंय," आणि ते मान हलवायचे, जणू स्क्रीनची अडचण त्यांना समजते. घड्याळबाईनं वीस आकडे लिहिले. सगळे चाळिसाच्या आसपास.

"गेल्या आठवड्यात किती होते, काही अंदाज?" तिनं विचारलं.

"अंदाज कशाला? लिहून ठेवलंय." कारकूनबाईनं खणातून वापरलेल्या टोकनांची एक जुडी काढली. पाठीमागे पेन्सिलीनं आकडे. "रोज सकाळी पहिल्या माणसाला मनातल्या मनात एक-दोन-तीन मोजते. तुम्ही येणार, विचारणार किती सेकंद, आणि मी म्हणणार खूप, आणि तुम्ही माझं डोकं खाणार. म्हटलं, आधीच मोजून ठेवावं."

घड्याळबाईनं जुडी हातात घेतली. पंधरा, सोळा, सतरा, अठरा. रविवार सोडले तर रोज एक सेकंद वाढत होता. एक दिवस, एक सेकंद. माप लावून वाढवल्यासारखा.

ती स्टूल तिथंच टाकून आपल्या खोलीत परत आली. असं वाढणं तिच्या ओळखीचं होतं. रोज टेबलात तीन हजार ओळी वाढतात आणि रोज एक सेकंद वाढतो, याचा अर्थ डेटाबेस दर वेळी अख्खं टेबल पहिल्यापासून शेवटापर्यंत वाचतोय. आणि एकदा नव्हे, आजच्या यादीतल्या प्रत्येक रुग्णासाठी पुन्हा पहिल्यापासून. मग सूचीचं काय? सूची होती. तिनं स्वतः बघितली होती. डेटाबेस ती उघडतच नव्हता. का उघडत नव्हता?

डेटाबेस प्रश्न आला की लगेच धावत सुटत नाही. आधी बसून वाट ठरवतो. आणि वाट ठरवताना टेबल उघडून बघत नाही, तेवढा वेळ नसतो त्याला. त्याच्यापाशी प्रत्येक टेबलाचं एक टिपण असतं: यात साधारण इतक्या ओळी आहेत. त्या टिपणावर त्याची सगळी भिस्त. खोलीत दहा-वीस माणसं असतील तर आपण दारातून नजर फिरवतो. क्रीडांगण भरलेलं असेल तर तिकिटावरचा आसनक्रमांक बघतो. त्यालाही तेवढीच अक्कल असते. टिपण बरोबर असेल तर तो शहाणा, चुकीचं असेल तर ठार वेडा, आणि तोही आत्मविश्वासानं.

तिनं टिपण उघडलं. टोकनच्या टेबलात ओळी: चाळीस.

तिनं चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. चाळीस. टेबलात त्या घडीला लाखाच्या वर ओळी होत्या.

पण ही टिपणं रोज रात्री आपोआप ताजी होतात! त्या कामाचा अहवाल रोज सकाळी तिच्याकडे यायचा, 'सर्व यशस्वी', आणि ती रोज त्यावर खूण करायची. वर्षानुवर्षं करत होती. मग तिनं खाली बघितलं. टिपणाला कुलूप होतं. कुलूप घातलेलं टिपण ते रात्रीचं काम वगळतं आणि त्याबद्दल चकार शब्द न काढता पुढे जातं. त्याच्या लेखी तेही यशच. कुलूप कधी घातलं, कोणी घातलं, हे शेजारीच लिहिलेलं होतं. आठ वर्षांपूर्वी. आणि नाव तिचं स्वतःचं.

तिनं कपाटातून सहावी वही काढली. पान लगेच सापडलं. तिचंच रेखीव अक्षर. 'टोकन टेबल. आकडेवारी सकाळी सातला घेतली, ४० ओळी. लॉक केली. कारण: रात्री टेबल रिकामं असताना आकडे घेतले जातात, त्यामुळे दिवसा वाट चुकते. तात्पुरतं.' 'तात्पुरतं' खाली दोन रेघा.

तेव्हा ते बरोबर होतं. रोज रिकामं होणाऱ्या टेबलाला तसंच करायला हवं होतं, अजूनही कोणी विचारलं तर ती तसंच सांगेल. पण ती नोंद केली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची आई पडली. खुब्याचं हाड मोडलं, मग न्यूमोनिया. ती तीन आठवड्यांनी कामावर परत आली तेव्हा आई नव्हती आणि स्क्रीन मात्र चटकन उघडत होती. चटकन उघडणाऱ्या स्क्रीनची तक्रार कोण करतं? कुलूप राहून गेलं. आणि सहा आठवड्यांपूर्वी ती बाई समोर येऊन म्हणाली होती की टेबल मोठं होणार, एकदा नजर टाका, तेव्हा हिनं सूची बघितली आणि टिपण बघितलं नाही. दुसऱ्याचं काम तपासायचं म्हटल्यावर आपलं कशाला तपासायचं!

आता खरं ते सांगायला हवं. तिला मोह झाला. कुलूप काढायला एक ओळ पुरते. काढलं, आकडे ताजे केले, की स्क्रीन पळायला लागणार. साहेब म्हणणार, वा, मॅडमनी निस्तरलं. येत्या उन्हाळ्यात तिची निवृत्ती होती आणि पुढे दोन वर्षं सल्लागार म्हणून ठेवायचा कागद साहेबांच्या सहीसाठी थांबला होता. घरी बसायच्या कल्पनेनंच तिचा जीव घाबरा होई. नवरा घरी खुशाल होता, ती झाली नसती. वहीतलं पान कोणी वाचत नाही. प्रोग्रामरच्या फाइलवरचा कागद मात्र तसाच राहिला असता. क्वेरी वाईट, मॅडमनी सांभाळून घेतलं, असाच सगळ्यांचा समज झाला असता. अर्धा तास ती त्या एका ओळीकडे बघत बसली. मग तिनं वर फोन लावला.

"खाली ये. आत्ता."

प्रोग्रामर आली ती दारातच थांबली. पुन्हा बोलणी खायची तयारी करून आल्यासारखी.

"बस. हे घे." घड्याळबाईनं गळ्यातलं स्टॉपवॉच काढून तिच्या हातात दिलं. आजवर ते कोणाच्या हातात गेलं नव्हतं. "एक ते दोन काउंटर बंद असतो. तुझी क्वेरी मी चालवते, तू मोज."

एकेचाळीस सेकंद.

"आता हा आकडा वाच."

प्रोग्रामर पुढे वाकली. "चाळीस ओळी?" तिचा आवाज चढला. "चाळीस कसल्या? कोणी सांगितलं त्याला चाळीस?"

"मी."

घड्याळबाईनं सहावी वही तिच्यापुढे सरकवली आणि पान उघडून बोट ठेवलं. प्रोग्रामरनं वाचलं. पुन्हा वाचलं. घड्याळबाईनं तोवर कुलूप काढलं, टेबलाचे आकडे नव्यानं मोजून घेतले. दोन मिनिटं लागली.

"मोज."

प्रोग्रामरनं घड्याळ दाबलं, आणि लगेच पुन्हा दाबलं. काटा जागचा नीट हललाही नव्हता.

गोष्टींमध्ये अशा वेळी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडतात. इथे तसं काही झालं नाही. प्रोग्रामरनं घड्याळ टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "सोमवारपासून मी नीट जेवले नाहीये. काल धाकटी विचारत होती, आई, तुला शाळेतून काढणार का? तिला ऑफिस म्हणजे शाळाच वाटते. मला खरंच वाटायला लागलं होतं की आठ वर्षांत माझं डोकं गंजलं."

"गंजलेलं नाही."

"ते तुम्ही सोमवारी लिहायला हवं होतं."

"हो," घड्याळबाई म्हणाली. माफी मागायची तिला सवय नव्हती. "उद्या चारला मी येते."

"तुम्हाला बोलावलं नाहीये."

"म्हणूनच वेळेवर येईन."

शुक्रवारी चारला पाच कमी असताना ती साहेबांच्या खोलीत शिरली. काखेत वही, हातात टंकलेला कागद. साहेब होते, त्यांच्या शेजारी नेमणुकांचं बघणाऱ्या अधिकारी बाई आणि समोर प्रोग्रामर, मांडीवर हात घट्ट धरून.

"अरे, मॅडम! या, या. काउंटर तर आता पळतोय म्हणे. कमाल केलीत," साहेब म्हणाले.

"कमाल मी केली नाही. घाण मी केली होती, ती काढली. हा कागद घ्या. सोमवारचा माझा कागद चुकीचा आहे, तो फाइलमधून काढू नका, हा त्याच्यावर लावा."

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला. भांडणाला घाबरणाऱ्या माणसाला कबुलीजबाबाचीही भीती वाटते.

"अहो, पण हे एवढं... लेखी कशाला? झालं ना नीट? आपण असं म्हणू, तांत्रिक अडचण होती. दोघींनाही त्रास नाही."

"तांत्रिक अडचण हे माझं नाव नाही, साहेब. इथे माझं नाव घाला."

अधिकारी बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली.

"मुदतवाढीच्या प्रस्तावाला हा कागद जोडावा लागेल," साहेब हळूच म्हणाले. "वरचे आधीच म्हणतात, सगळं एकाच व्यक्तीच्या हातात आहे. कळतंय ना, काय होऊ शकतं ते?"

"कळतंय. वही आणलीय, हवी तर तीही जोडा. त्यांच्या क्वेरीत," तिनं प्रोग्रामरकडे बोट केलं, "काहीही खोट नाही. इंडेक्स टाकला, मला विचारलं, स्वतः मोजून बघितलं आणि माझ्या तोंडावर सांगितलं. मी असते तर लगेच कायम केलं असतं. तुमची मर्जी."

एवढं बोलून ती निघाली.

निकाल सोमवारी कळला. प्रोग्रामर कायम झाली. घड्याळबाईची मुदतवाढ दोन वर्षांऐवजी एक वर्ष झाली आणि सोबत एक अट आली: यापुढे तिनं केलेला कुठलाही बदल दुसऱ्या व्यक्तीच्या सहीशिवाय लागू करायचा नाही. दुसरी व्यक्ती म्हणून प्रोग्रामरचं नाव होतं. सव्वीस वर्षं जिच्या सहीपुढे कोणाची सही लागली नाही, तिला आता आठ वर्षं घरी बसून आलेल्या बाईची सही लागणार! तिनं कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उलगडून वाचला. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "पंच आला मैदानावर. बरं झालं." त्यावर ती दोन तास त्याच्याशी बोलली नाही.

मंगळवारी सकाळी प्रोग्रामर खाली आली. काउंटरवर राहिलेलं लोखंडी स्टूल तिनं येताना उचलून आणलं होतं.

"कारकूनबाईंनी निरोप दिलाय. म्हणाल्या, चावी भरली का विचारा."

"तिला म्हणावं, टोकनं दे."

प्रोग्रामर स्टूलवर बसली. मग जरा घुटमळून म्हणाली, "मॅडम, एक विचारू? त्या वहीत 'तात्पुरतं' लिहिलं होतं. अशी तात्पुरती अजून किती आहेत?"

घड्याळबाईनं तिच्याकडे बघितलं. रागानं बघायला गेली, पण प्रश्न इतका रास्त होता की राग धरायला जागाच नव्हती. हा प्रश्न गेल्या गुरुवारीच आपल्याला पडायला हवा होता, आणि पडला नाही, हेही तिच्या ध्यानात आलं. तिनं उठून कपाट उघडलं आणि नऊच्या नऊ वह्या टेबलावर आणून ठेवल्या. पाच आपल्या बाजूला, चार प्रोग्रामरच्या.

दुपारपर्यंत मोजणी झाली. सतरा. त्यातली चार घड्याळबाईनं आपण होऊन कधीच काढून टाकली होती, शेजारी बरोबरची खूण होती. उरली तेरा. सगळ्यात जुनी नोंद दुसऱ्या वहीत, रक्तपेढीच्या टेबलावरची, शाई तपकिरी पडलेली.

"ही मला आठवते," घड्याळबाई म्हणाली. "हिची आता काही गरज नाही. टाकू काढून. कर सही."

प्रोग्रामरनं पेन हातात घेतलं, पान वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"आधी रक्तपेढीत जाऊन बसू. वीस वेळा मोजू. मग सही."

घड्याळबाईच्या नाकाचा शेंडा लाल झाला. मग तिनं गळ्यातलं घड्याळ काढून चावी दिली आणि दाराकडे निघाली.

"उचल ते स्टूल," ती मागे न बघता म्हणाली. "आणि आणखी एक घे. तिथे बसायला काही नसतं."